कॅसेटवाला जुना व्हिडीओ गेम पुन्हा चालू कसा करावा

विदर्भातल्या गावांत आजही माळ्यावर, धान्याच्या कोठीमागे किंवा आठवडी बाजारातल्या भंगारात कॅसेटवाले व्हिडीओ गेम सापडतात. त्यातले बहुतेक निन्टेन्डो या जपानी कंपनीच्या 1983 च्या फॅमिकॉम या व्हिडीओ गेमच्या नकला असतात. वरून 60 पिनांची कॅसेट, दोन रिमोट, सोबत एखादी बंदूक. लोक घरात पडलेला कुठलाही अडॅप्टर लावून बघतात, टीव्हीवर कोरा राखाडी पडदा आला की ‘जळला’ म्हणून मोकळे होतात. खरं तर बरेचदा तो जळलेला नसतो, कॅसेट आणि खाचेचा संपर्क तुटलेला असतो. जळतो तो या ‘लावून तर बघू’मुळे. म्हणून आधी अडॅप्टर, मग संपर्क, आणि टीव्ही शेवटी.

मल्टीमीटर, चौफुली स्क्रू ड्रायव्हर, 99 टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल, कॉटन बड, मऊ ब्रश, शिवणाची सुई आणि टॉर्च जवळ ठेवा. तालुक्याला अल्कोहोल मिळालं नाही तर नागपूरला सीताबर्डीत इलेक्ट्रॉनिक्सच्या सुट्या भागांच्या दुकानात विचारा, किंवा ऑनलाइन मागवा. सॅनिटायझर चालत नाही. त्यात पाणी आणि ग्लिसरीन असतं, आणि ग्लिसरीनचा थर पिनांवर तसाच राहतो.

पायरी 1: अडॅप्टर

या नकलांना साधारण 9 व्होल्ट डीसी लागतो. फॅमिकॉमच्या चालीने बहुतेकांत पिनेची आतली बाजू निगेटिव्ह आणि बाहेरची पॉझिटिव्ह असते. आज बाजारात मिळणारे बहुतेक अडॅप्टर नेमके उलटे, आत पॉझिटिव्ह. डब्यावरच्या छापील खुणेवर विश्वास ठेवू नका, मोजा. डबा उघडला की आत पत्र्याच्या तुकड्याला स्क्रूने बसवलेला तीन पायांचा काळा रेग्युलेटर (व्होल्टेज 5 वर आणणारा भाग) दिसेल, त्यावर 7805 लिहिलेलं असतं. त्याची धातूची पाठ म्हणजे निगेटिव्ह. मल्टीमीटर बीपवर ठेवा, एक टोक त्या पाठीला आणि दुसरं अडॅप्टरच्या सॉकेटमधल्या मधल्या पिनेला लावा. बीप वाजला तर आत निगेटिव्ह. नाही वाजला तर बाहेरच्या पट्टीला लावून खात्री करा. हे एका मिनिटाचं काम आहे आणि ते न करण्याला कुठलंही कारण नाही.

आता ट्रान्सफॉर्मरचे जुने, जड अडॅप्टर. त्यांच्यावर 9 व्होल्ट लिहिलेलं असलं तरी भार नसताना ते 12-13 व्होल्ट देतात, आणि रात्री लाइनचं व्होल्टेज चढलं की आणखी जास्त. 7805 हा 5 व्होल्टच्या वरचं सगळं उष्णतेत घालवतो. गेम 0.4 अँपिअर घेत असेल तर 9 व्होल्टवर 1.6 वॉट उष्णता निघते, 13 व्होल्टवर थेट दुप्पट, 3.2 वॉट. मे महिन्यात टिनाखालच्या खोलीत ही दुप्पट उष्णता त्याला झेपत नाही. उलट संध्याकाळी गावभरचे कूलर एकदम सुरू झाले की व्होल्टेज पडतं. रेग्युलेटरला आत किमान 7 व्होल्ट मिळाले नाहीत तर चित्रावर आडवे पट्टे फिरतात, गेम मध्येच अडकतो, आणि लोक कॅसेटला दोष देतात.

उपाय एकच: 100–240 व्होल्टवर चालणारा, 9 व्होल्ट 1 अँपिअरचा एसएमपीएस (जड ट्रान्सफॉर्मर नसलेला, हलका) अडॅप्टर, पिनेची दिशा तपासून. अँपिअर जास्त चालतील, व्होल्ट नाही. मूळ एनईएसचा (फॅमिकॉमच्या परदेशी आवृत्तीचा) अडॅप्टर 9 व्होल्ट एसी देतो, तो यांना चुकूनही लावू नका. सेगा कंपनीच्या मेगा ड्राइव्ह या दुसऱ्या गेममध्ये पहिल्या मॉडेलला आत निगेटिव्ह लागतं आणि दुसऱ्याला आत पॉझिटिव्ह. एकाच नावाचे दोन डबे कपाटात असतील तर अडॅप्टरला चिठ्ठी बांधून ठेवा.

चालू केल्यावर 7805 च्या तिसऱ्या पायावर 4.75 ते 5.25 व्होल्ट दिसले की ही पायरी संपली.

पायरी 2: कॅसेट आणि खाच

खरी गोची इथे आहे, आणि सगळ्यात वाईट सल्लेही इथेच मिळतात. पहिला म्हणजे फुंकर. फुंकर मारून गेम चालू होतो तो फुंकरीमुळे नाही, कॅसेट काढून पुन्हा बसवल्यामुळे. तोंडातला ओलावा मात्र पिनांवर राहतो आणि त्यांना हळूहळू गंज धरतो. आपल्याकडे त्यात कूलरची भर. उन्हाळ्याचे तीन-चार महिने ओली हवा थेट अंगावर घेणाऱ्या डब्याच्या पिनांवर हिरवट गंज चढतो, आणि मृगापासून पोळ्यापर्यंतची दमट हवा उरलेलं काम करते. रॉकेल, पेट्रोल, नेलपॉलिश रिमूव्हर आणि सँडपेपर यांतलं काहीही वापरू नका. रिमूव्हरने प्लास्टिक विरघळतं, सँडपेपरने पिनेवरचा मुलामा जातो आणि उघडं तांबं पहिल्यापेक्षा लवकर काळं पडतं.

कॅसेट उघडायची गरज नसते. बड अल्कोहोलमध्ये बुडवून किंचित पिळा आणि पिनेच्या लांबीच्या दिशेने, आतून काठाकडे पुसा. आडवं पुसलं तर मळ दोन पिनांच्या मधल्या फटीत बसतो. पहिला बड काळाकुट्ट निघेल, दुसरा राखाडी. पांढरा निघेपर्यंत दोन्ही बाजू करा, प्रत्येक वेळी नवा बड घ्या. हिरवट गंज असेल तर फक्त तेवढ्याच जागी पांढऱ्या व्हिनेगरचा बड टेकवा, लगेच डिस्टिल्ड वॉटरच्या बडने पुसा आणि वरून दोनदा अल्कोहोल फिरवा. पांढरं खोडरबर फक्त सोनेरी मुलामा नसलेल्या, राखाडी पडलेल्या पट्टीवर, तेही तीन-चार हलके हात. त्याचा चुरा ब्रशने झाडून टाका.

खाच मात्र दिसत नाही म्हणून राहून जाते. तिच्यात 30-30 पिनांच्या दोन रांगा, दोन पिनांमध्ये जेमतेम अडीच मिलिमीटर अंतर. व्हिजिटिंग कार्डाला कापड गुंडाळून आत घालण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. तो मला अजिबात पटत नाही. कापडाचा पदर जमून जाडी कॅसेटच्या पट्टीपेक्षा वाढली की पिना कायमच्या फाकतात, आणि मग साफ केलेली कॅसेटही सैल बसते. त्यापेक्षा अडॅप्टर काढून ठेवा, स्वच्छ केलेल्या कॅसेटची कड अल्कोहोलने ओली करा, सरळ आत घाला, सरळ बाहेर काढा, कड पुसा. असं आठ-दहा वेळा. खाचेतला मळ कडेवर उतरलेला स्पष्ट दिसतो. मग दहा मिनिटं वाळू द्या.

तरीही चालला नाही तर लक्षणं वाचा. फॅमिकॉमच्या पट्टीत एका अर्ध्या भागात प्रोग्रॅमच्या पिना असतात आणि दुसऱ्या अर्ध्या भागात चित्राच्या. पडदा कोराच राहत असेल तर प्रोग्रॅमची बाजू तपासा. संगीत वाजतं, रिमोटला गेम प्रतिसाद देतो, पण चित्रात अक्षरांचा आणि चौकोनांचा काला झालेला असेल तर चित्राची बाजू. मूळ फॅमिकॉममध्ये आवाज कॅसेटमधून फिरून परत येतो, तो एका रांगेतल्या अगदी मधल्या दोन पिनांवरून. बाकी सगळं ठीक आणि आवाजच नाही, तर आधी त्या दोन बघा.

टॉर्च धरून वरून पाहिलं की आत दबलेली पिन रांगेतून मागे सरकलेली दिसते. सुईचं टोक तिच्या मागे घालून तिला केसभर पुढे आणा, कॅसेट घालून बघा, गरज पडली तर पुन्हा केसभर. एका झटक्यात वाकवलेली जुनी पिन तुटते, आणि तुटली की अख्खी खाच बदलण्याशिवाय इलाज नाही. सोल्डरचे 60 टाके काढून 60 टाके घालणं नवशिक्याचं काम नाही. पक्कड तर जवळसुद्धा आणू नका. कॅसेट दोन्ही टोकांना सारख्या जोराने बसू लागली की झालं.

पायरी 3: टीव्ही

पिवळी वायर व्हिडीओत, पांढरी किंवा लाल आवाजात. नव्या एलईडी टीव्हीवर बंदूक चालणार नाही, तिला जुना काचेच्या ट्यूबचाच टीव्ही लागतो. तो टीव्ही मात्र उघडू नका. बंद केल्यावरही ट्यूबमध्ये हजारो व्होल्ट साठून राहतात.

पायरी 4: ठेवणं

वायर डब्याभोवती गुंडाळू नका. वायरीच्या मऊ प्लास्टिकमधलं तेल पाझरतं आणि डब्याच्या पाठीवर वितळल्यासारखे खोल चरे पडतात. वायर वेगळ्या पिशवीत ठेवा. डांबरगोळ्याही नकोत, त्यांची वाफ काही प्लास्टिकला मऊ, चिकट करते. झुरळं आणि मुंग्यांसाठी घट्ट झाकणाचा डबा पुरतो. कॅसेटी त्यातच, सिलिका जेलच्या पुड्यांसह, पिनांची बाजू खाली करून ठेवा. डबा टिनाखालच्या माळ्यावर नको आणि कूलरच्या झोतातही नको. आतल्या खोलीत, जमिनीपासून हातभर वर, भिंतीला न टेकवता ठेवा. पावसाळ्यात महिन्यातून एकदा प्रत्येक गेम अर्धा तास चालवा आणि सिलिका जेल बदला.