घरच्या घरी कटिंग: कान आणि मान नीट करा, बाकीचं कोण बघत नाही

घरात कटिंग करायची म्हटली की लोकं पहिल्यांदा वरच्या केसांनाच हात घालतात, पुढं किती ठेवायचे, भांग कुठनं पाडायचा, आणि सगळा वेळ तिथंच जातोय. वरचे केस थोडे कमीजास्त झाले तरी कंगवा फिरवला की झाकतंय ओ सगळं. न झाकणाऱ्या जागा दोनच, कानाभोवतीची आणि मानेवरची. शाळेत प्रेअरला पोरं उभी असतात तेव्हा मास्तर मागनंच बघत येतात, बसमध्ये मागच्या सीटवरच्याला पण तेवढंच दिसतंय. म्हणून मी आमच्या घरात सगळ्यांची कटिंग करतो ती ह्याच हिशोबानं, वर कमी कापायचं आणि कानामागं जास्त वेळ घालवायचा.

सामान फार लागत नाही. केस कापायची कात्री साडेपाच-सहा इंचाची, बारीक दातांचा एक कंगवा, पाण्याचा स्प्रे, कपडे वाळत घालायचे दोन चिमटे आणि मशीन. बेळगावात गणपत गल्ली, खडेबाजारात फिरला तर सगळं एका फेरीत मिळतंय. मशीन घेताना मात्र दाढीचा ट्रिमर आणि डोक्याचं क्लिपर ह्यातला फरक बघून घ्या. दाढीच्या ट्रिमरचं पातं अरुंद असतं, दाट केसात अडकतं, मग केस ओढले जातात आणि पोरगं जे बोंबलतं ते परत जवळ येत नाही. क्लिपरबरोबर पात्यावर बसवायचे प्लास्टिकचे गार्ड येतात, केस केवढे राहणार ते त्यावर ठरतं, त्यांचा हिशोब असा: एक नंबर म्हणजे 3 मिलिमीटर, दोन म्हणजे 6, तीन म्हणजे साधारण 10, चार म्हणजे 13, आणि असंच चढत आठ नंबरला 25 मिलिमीटर. काही मशीनवर नंबर नसतात, सरळ मिलिमीटरच लिहिलेलं असतं. पहिल्यांदा करताना कायम मोठ्या नंबरनं सुरू करा. केस महिन्याला साधारण एक-सव्वा सेंटिमीटरच वाढतात, त्यामुळं चारच्या जागी एक मारला तर पुढचा महिना टोपी.

मशीन कोरड्या केसांवर, कात्री ओल्या केसांवर, हे पक्कं ध्यानात ठेवा. आदल्या दिवशी डोकं धुतलेलं असावं आणि तेल नको, तेलकट केस पात्याला चिकटतात आणि मशीन रडत चालतंय. पावसाळ्यात खानापूर-जांबोटीकडच्या लोकांना हा त्रास जास्त, डोकं सकाळी धुतलं तर संध्याकाळपर्यंत दमटच, तिथं आधी पंख्याखाली बसवा नाहीतर ड्रायर मारा. आणि कात्रीनं कापताना उलटं लक्षात ठेवायचं, ओला केस ताणला जातो, वाळला की वर चढतो, कुरळा असला तर फारच. त्यामुळं जिथं पाहिजे त्याच्या खाली एक-दीड सेंटिमीटर राखून कापा.

बसायला सोप्यात दाराजवळ नाहीतर परड्यात स्टूल टाका, जिथं उजेड चांगला. आमच्या आत्ती म्हणतात दिवेलागणीनंतर डोक्याला कात्री लावायची नाही, शनिवारी नाही, अमावस्येला नाही. शनिवार-अमावस्येचं ज्याचं त्यानं बघावं, दिवेलागणीचं मात्र मी शंभर टक्के पाळतो, बल्बच्या उजेडात डोक्याची एक बाजू कायम सावलीत राहते आणि सकाळी उठून बघावं तर एक कल्ला वर, एक खाली. लाईट जायचा पण भरवसा नसतो, वायरवालं मशीन असेल तर अर्ध्या डोक्यावर थांबावं लागतंय.

आता गड्यांची कटिंग. आधी केस ज्या दिशेला वाढलेत तसे विंचरा आणि भोवरा कुठं आहे बघा, काहींना दोन असतात. भोवऱ्यावरचे केस बारीक केले की उभेच राहतात, तिथं कायम थोडं लांब सोडायचं. मग कंगवा कानाच्या वर डोक्याला आडवा न धरता उभा, सपाट टेकवा. जिथं डोकं आतल्या बाजूला वळतं तिथं कंगव्याचं वरचं टोक डोक्यापासून सुटतं. ती तुमची हद्द. मशीन त्याच्या वर न्यायचं नाही. चार नंबर लावून खालून वर, केसांच्या उलट दिशेनं, सावकाश जायचं आणि हद्दीजवळ आलं की मशीन डोक्याच्या गोलाईबरोबर आत न वळवता सरळ बाहेर काढायचं. हे जमलं की निम्मं काम झालं, कारण पायरी पडते ती इथंच. हद्दीच्या खाली सगळीकडं चारनं फिरलं की दोन नंबर लावून फक्त खालच्या भागात, कानाच्या वरच्या टोकापर्यंत. मधे जी रेघ दिसते ती तीन नंबरनं पुसायची, मशीन टेकवून ढकलायचं नाही, हलक्या हातानं रेघेवर टेकवायचं आणि लगेच बाहेर. क्लिपरच्या बाजूला दांडा असतो तो उघडा ठेवला की केस थोडे लांब राहतात आणि बंद केला की बारीक, रेघ पुसताना त्याचा पण उपयोग होतो.

वरचे केस पाणी मारून ओले करा, पुढून मागं एक एक बट दोन बोटांत धरून वर ओढा, बोटांच्या वर जे येईल ते कापा. दुसरी बट घेताना पहिल्या बटेतले चार केस त्यात घ्यायचे म्हणजे माप कळतं. कात्री आडवी मारली की सरळ धार दिसते, उभी धरून टोकंटोकं कापली की नवख्याचं काम लपतं.

मग कान. कान पुढं दुमडायचा, गार्ड काढायचं आणि मशीनचा फक्त कोपरा वापरायचा, पूर्ण पातं नाही. कानामागं खाली उतरताना हात थरथरत असेल तर करंगळी त्यांच्या डोक्याला टेकवून ठेवा. कल्ल्यांचं माप कानावरनं घेऊ नका, माणसाचे दोन्ही कान एका उंचीवर असतातच असं नाही. दोन तर्जन्या दोन्ही कल्ल्यांच्या खाली टेकवायच्या आणि समोरनं आरशात बघायचं, बोटं सरळ रेषेत तर कल्ले बरोबर. मानेवर लोकं पट्टी मारल्यासारखी रेघ मारतात, दिसायला दोन दिवस झकास, आठवड्यात खाली खुंट आले की घाण दिसतंय. त्यापेक्षा केस जिथं संपतात तिथंच संपू द्या, त्याच्या खालची लव तेवढी काढा. रेघ वर सरकवायचा मोह होतोय, एकदा डावीकडं, एकदा उजवीकडं, आणि मान उघडी पडत जाते.

लहान पोरांना आधी मशीन बंद असताना हातात द्या, मग चालू करून मशीनची मागची बाजू त्यांच्या तळहाताला लावा, आवाजाचीच भीती असते. दहा-पंधरा मिनिटांच्या वर ती बसत नाहीत म्हणून कान-मान पहिल्यांदा उरका, वरचं उद्या केलं तरी चालतंय. जावळ मात्र घरात करायच्या भानगडीत पडू नका. बाळाची टाळू भरायला दीड वर्षापर्यंत वेळ लागतो, वस्तऱ्याचा हात सरावाचाच पाहिजे. मामाच्या मांडीवर बसवून नाभिकाकडनं रीतसर करून घ्या, त्याचा मान त्याला द्या.

म्हाताऱ्या माणसांची कातडी सैल असते, डाव्या हातानं ताणून धरल्याशिवाय मशीन फिरवायचं नाही, आणि कानामागं, मानेवर चामखीळ आहे का ते आधी बोटानं चाचपायचं. रक्त पातळ व्हायची गोळी चालू असेल तर ब्लेड, वस्तरा काही नको, गार्ड लावलेलं मशीनच. आमच्या सासऱ्यांचं आणि माझं दर वेळी हेच,

“मामा, मान हलवू नका ओ.”

“मी कुठं हलवतोय, तूच मशीन हलवतीस की.”

खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा म्हणजे दोघांचंही भांडण मिटतंय.

बायकांच्या लांब केसांचं काम तसं सोपं. केस ओले करून गुंता काढा, मधे भांग पाडा, मानेच्या अगदी खाली रबर लावा आणि ते सरकवत जिथं कापायचं त्याच्या वरपर्यंत आणा. मग रबराच्या खाली सरळ कापा. मान सरळ ठेवायची, मोबाईल बघत खाली घातली तर थर पडतात. स्वतःचे कापायचे असतील तर मागनं दोन भाग करून दोन्ही पुढं घ्या आणि गळ्याच्या हाडापासून बोटांनी सारखं माप घेऊन कापा, पाठीमागच्या मधल्या केसांना पुढं यायला लांबचा रस्ता असतो म्हणून तेच जरा लांब राहतात आणि आकार आपोआप येतो. गड्यांना स्वतःची मान करायची असेल तर दोन आरसे लागतात आणि आरशात हात उलटा जातोय, त्यापेक्षा बायकोला बोलवा. आमचे हे कधी बोलवत नाहीत, मग मफलर गुंडाळून दुकानात जातात.

डोक्यात नायटा, खवले, फोड असेल तर त्या दिवशी मशीन बाहेर काढू नका, एकाचं सगळ्यांना होतंय. उवा असल्या तर कंगवा वेगळा. आणि ब्लेड एकाचं दुसऱ्याला कधीच नाही, घरातलं माणूस असलं तरी, हिपॅटायटिस बी नावाची कावीळ रक्तातनं पसरते.

झाल्यावर पातं ब्रशनं झाडा, स्पिरिटनं पुसा, वाळलं की शिलाई मशीनचं तेल दोन थेंब सोडून क्षणभर चालू करा. खोबरेल घालू नका, ते चोवीस डिग्रीच्या खाली गोठतं आणि बेळगावच्या थंडीत सकाळी बाटलीतनं निघत नाही ते पात्यात काय फिरणार. कात्रीला पावसाळ्यात गंज धरतो, तिला पण तेलाचं बोट लावून कोरड्या फडक्यात गुंडाळा आणि वरच्या फळीवर ठेवा, जिथनं दुधाची पिशवी कापायला कुणाच्या हाताला लागणार नाही.