अक्षरं बॉक्सच्या बाहेर निघायलीत? आधी अडणारा बॉक्स शोधा

समजा तुम्ही मराठवाड्यातल्या बाजारभावाचं पेज बनवताय. आठ जिल्ह्यांची आठ कार्डं, बीड, जालना, लातूर, परभणी, हिंगोली सगळी मस्त बसली, नांदेड धाराशिवचंही काही नाही, आणि छत्रपती संभाजीनगरचं नाव मात्र कार्डाच्या उजव्या काठावरून बाहेर, मोबाईलवर बघितलं तर अख्खं पेजच आडवं सरकायलंय. अशा वेळी बरेच जण सीएसएसमधे (पेज कसं दिसावं ते ठरवणारी भाषा) सरळ ओव्हरफ्लो: हिडन टाकून, म्हणजे बॉक्सबाहेर गेलेलं लपव असं सांगून, मोकळे होतात. ते नका करू. पोत्यात मावंना म्हणून वरची ज्वारी ओतून देण्यासारखं आहे ते, वाचणाऱ्याला "छत्रपती संभाजीन" एवढंच दिसतं आणि पुढचं गेलं कुठं हे त्याला कळतही नाही. वर तेच हिडन एखाद्या मधल्या बॉक्सला लावलं तर आतलं पोझिशन: स्टिकी बंद पडतं, मग चिकटून राहणारा हेडर का चिकटंना म्हणून वेगळीच शोधाशोध.

आधी दोषी बॉक्स पकडा. क्रोममधे एफ12 दाबून मोबाईल व्ह्यू उघडा, रुंदी 320 करा आणि स्टाइलमधे तात्पुरतं सगळ्या एलिमेंटला (पेजवरच्या प्रत्येक भागाला) आऊटलाइन: 1 पिक्सेल सॉलिड रेड द्या. बॉर्डर नका देऊ बरं का, बॉर्डर स्वतः जागा खाते आणि लेआऊट हलवते, आऊटलाइन जागा घेत नाही. जी लाल चौकट स्क्रीनच्या बाहेर गेलेली दिसंल तिथून सुरुवात. फायरफॉक्स वापरत असाल तर त्याच्या इन्स्पेक्टरमधे स्क्रोल होणाऱ्या एलिमेंटसमोर स्क्रोल असा बिल्ला येतो, त्यावर क्लिक केलं की कुणामुळं बाहेर चाललंय तेही दाखवतो, लई कामाचं आहे ते. (ही सगळी नावं इथं देवनागरीत लिहिलीत, कोडमधे अर्थातच इंग्रजीत टाइप करायची.)

आता कारणं. सगळ्यात जास्त छळणारं कारण म्हणजे फ्लेक्स, बॉक्स एका रांगेत मांडायची पद्धत. फ्लेक्सच्या आतल्या प्रत्येक पोराची, म्हणजे आतल्या बॉक्सची, मिन-विड्थ (कमीत कमी रुंदी) मुळात ऑटो असते, म्हणजे त्याच्यातला सगळ्यात लांब न तुटणारा शब्द जेवढा, त्यापेक्षा तो बॉक्स लहान व्हायला तयारच होत नाही, तुम्ही बाहेरून किती का दाबा. त्याला मिन-विड्थ: 0 द्या, मग तो आकसतो. ग्रिडमधेही (ओळी-रकान्यांची मांडणी) हेच, तिथं रकान्याला नुसतं 1एफआर, म्हणजे उरलेल्या जागेचा एक वाटा, लिहिलं की आतून त्याचा अर्थ मिनमॅक्स(ऑटो, 1एफआर) असा होतो, म्हणून मिनमॅक्स(0, 1एफआर) असं लिहायचं. आणि हे फक्त एका बॉक्सला देऊन भागत नाही कधीकधी, फ्लेक्सच्या आत फ्लेक्स असंल तर मधल्या प्रत्येक पायरीला द्यावं लागतं, एक जरी राहिली तरी तिथंच अडतं.

पण बॉक्स आकसला म्हणजे शब्द आकसला असं नाही. आपल्या मराठीत प्रत्यय शब्दालाच चिकटतात, "संभाजीनगरकरांसाठीसुद्धा" हा मधे कुठंही जागा नसलेला एकच शब्द झाला, आणि ब्राऊझर ओळ तोडतो ती स्पेसवर. लांब लिंक किंवा ईमेल आयडीचंही तेच. त्यासाठी ओव्हरफ्लो-रॅप: एनीव्हेअर. म्हणजे शब्द ओळीत मावत असंल तर हात लावायचा नाही, अगदीच मावत नसंल तरच तोडायचा. याचाच भाऊ ओव्हरफ्लो-रॅप: ब्रेक-वर्ड आहे, दिसायला काम सारखंच, पण बॉक्सची कमीत कमी रुंदी काढताना तो तुटणं धरत नाही, म्हणून फ्लेक्समधे आणि टेबलात एनीव्हेअर लागू पडतं आणि ब्रेक-वर्ड नाही. वर्ड-ब्रेक: ब्रेक-ऑल मात्र मराठी मजकुराला लावूच नका, तो मावणारे शब्दही ओळ संपली की मधेच कापतो, वाचणाऱ्याची दमछाक होते. ठरावीक नावंच त्रास देत असतील तर संभाजी आणि नगर यांच्या मधे डब्ल्यूबीआर टॅग (इथं तोडलं तर चालंल अशी खूण) टाका, तुटलं तर निदान नीट ठिकाणी तुटंल.

शब्दांत स्पेस असूनही ओळ तुटत नसंल तर दोन गोष्टी बघा. तयार थीममधे बटनाला व्हाइट-स्पेस: नोरॅप (ओळ तोडूच नको) दिलेलं असतं, ते नॉर्मल करा. नाहीतर मजकूर वर्डमधून कॉपी करून आणलेला असंल, त्यात साध्या स्पेसऐवजी न तुटणारी स्पेस आलेली असते, डोळ्याला दोन्ही सारख्याच दिसतात.

उंचीचं प्रकरण वेगळं आणि मराठीसाठी जास्त महत्त्वाचं. कार्डाला हाइट: 40 पिक्सेल असं ठोकून ठेवलं की दुसरी ओळ खाली सांडणारच, हाइट काढून मिन-हाइट द्या, थोडं पॅडिंग (आतली मोकळी जागा) द्या, विषय संपला. पण लाइन-हाइटकडं, म्हणजे एका ओळीला दिलेल्या उंचीकडं, कुणी बघत नाही. इंग्रजीच्या डिझाइनमधली 1.1 लाइन-हाइट तशीच ठेवली आणि बॉक्सला हिडन असंल, तर आपले खालचे उकार कापले जातात. तूर लिहिलेलं "तर" दिसतं, मूग लिहिलेलं "मग" दिसतं! भाव बघायला आलेल्या माणसाला हे कसं चालंल? मराठी मजकुराला निदान 1.5 ठेवा, मी 1.6 ठेवतो.

टेबलाला वरचे उपाय डोळे झाकून लावू नका. एनीव्हेअर दिलं की टेबल कॉलम इतका बारीक करतं की "क्विंटल" दोन ओळींत जातं. त्यापेक्षा टेबल एका डिव्हमधे (साध्या बॉक्समधे) ठेवून त्या डिव्हला ओव्हरफ्लो-एक्स: ऑटो द्या, म्हणजे टेबल तेवढं आडवं सरकंल, पेज नाही, आणि भावाच्या आकड्यांना नोरॅप ठेवा, आकडा तुटून चुकीचा वाचला गेला तर नुकसान शेतकऱ्याचं होतं.

तीन टिंबवालं टेक्स्ट-ओव्हरफ्लो: इलिप्सिस कधी वापरायचं? बातमीच्या यादीत वगैरे, जिथं क्लिक केलं की पूर्ण वाचता येतं. त्याला सोबत ओव्हरफ्लो: हिडन आणि व्हाइट-स्पेस: नोरॅप लागतंच, एकटं ते काहीच करत नाही. गावाचं नाव, भाव, फोन नंबर, कॉलेजचं नाव यांना कधीच नाही. "डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठ…" असा हेडर कुठंच चांगला दिसत नाही, दोन ओळी होऊ द्या की.

झालं की तपासताना लहान नावं टाकून खूश होऊ नका, सगळ्या कार्डांत छत्रपती संभाजीनगर भरून बघा, मग सगळ्यांत बीड भरून बघा, कारण मोठ्यासाठी केलेली दुरुस्ती लहान नावाचं कार्ड कधीकधी विचित्र करून ठेवते. वेब अ‍ॅक्सेसिबिलिटीच्या नियमावलीत 320 पिक्सेल रुंदीवर मजकूर आडवा न सरकवता वाचता यावा आणि अक्षर 200 टक्के मोठं केलं तरी काही हरवू नये असं दिलंय, या दोन्ही चाचण्या करा. शेवटी मोबाईलच्या सेटिंगमधे फॉन्ट सगळ्यात मोठा करून पेज पुन्हा उघडा, गावाकडं वयस्कर माणसांच्या फोनवर फॉन्ट तसाच मोठा करून ठेवलेला असतो.