टोमॅटोवरील फळ पोखरणाऱ्या अळीसाठी ट्रायकोकार्ड कसे वापरावे

नाशिक जिल्ह्यातील गिरणारे, दिंडोरी, निफाड, पिंपळगाव बसवंत या पट्ट्यात खरीप टोमॅटो फुलावर आला की फळ पोखरणारी अळी, म्हणजेच हरभऱ्यावरची घाटे अळी, ठरलेल्या पाहुण्यासारखी येते. तिच्या जोडीला 2014 पासून महाराष्ट्रात टुटा ही मूळची दक्षिण अमेरिकेतील नागअळीही आली आहे. अळी एकदा फळात शिरली की वरून कितीही फवारले तरी औषध तिच्यापर्यंत पोहोचत नाही. म्हणून तिला अंड्यातच गाठणे हा अधिक शहाणपणाचा मार्ग आहे, आणि ते काम ट्रायकोग्रामा प्रेटिओसम नावाचा, मूळचा अमेरिका खंडातील, मिलिमीटरभरही लांबी नसलेला गांधीलमाशीच्या कुळातील कीटक करतो. त्याची मादी पतंगाच्या अंड्यात आपले अंडे घालते, आतील पिल्लू ते अंडे आतून खाऊन संपवते आणि अळीऐवजी दुसरी गांधीलमाशी बाहेर पडते. या कीटकाचा माणसाला, जनावरांना किंवा पिकाला कोणताही उपद्रव नाही.

सुरुवातीलाच एक फरक ध्यानात घ्यावा, कारण बहुतेकांची निराशा येथेच होते. बाहेरून आणलेले काही परोपजीवी कीटक एकदा सोडले की कायमचे वस्तीला राहतात. पपईवरील पिठ्या ढेकूण 2008 मध्ये कोइम्बतूर भागात आढळला आणि 2010 मध्ये प्युर्टो रिकोहून आणलेल्या ॲसेरोफॅगस पपाये या परोपजीवी कीटकाने त्याला आवर घातला. शेतकऱ्याला तो दर आठवड्याला विकत घ्यावा लागला नाही. ट्रायकोग्रामाचे तसे नाही. आपल्या शेतात तो पुरेशा संख्येने आपोआप टिकून राहील अशी अपेक्षा न ठेवता, कीड अंडी घालत असेपर्यंत तो पुन्हा पुन्हा सोडावा लागतो. शिवाय परदेशी कीटक सरकारी परवानगीने आणि विलगीकरणात तपासूनच देशात आणता येतो, त्यामुळे आपण फक्त प्रयोगशाळेत तयार झालेले ट्रायकोकार्डच, म्हणजे आत ट्रायकोग्रामा वाढत असलेली अंडी चिकटवलेला कागदच, वापरावे.

वेळ ओळखणे. लागवडीनंतर पहिली फुले दिसू लागताच एकरी 5 कामगंध सापळे (मादीच्या वासाने नर पतंग पकडणारे) घाटे अळीच्या ल्युअरसह, म्हणजे त्या वासाच्या वडीसह, लावावेत आणि रोज सकाळी त्यांतील पतंग मोजावेत. पतंग येऊ लागले की शेतात तिरके-तिरके फिरत वीसेक झाडांचे शेंड्याकडील पान आणि फुलांचा घोस उलटून पाहावा. घाटे अळीचे अंडे एकेकटे असते, खसखशीच्या दाण्याहूनही लहान, पिवळसर पांढरे आणि बारीक उभ्या रेघांचे. ते तीन-चार दिवसांत फुटते आणि ट्रायकोग्रामाला ताजे अंडेच अधिक मानवते, म्हणून अळ्या दिसेपर्यंत थांबलो तर उशीर झालेला असतो. लागवडीच्या वेळीच टोमॅटोच्या दर सोळा ओळींमागे एक ओळ झेंडूची लावलेली असेल तर पतंग झेंडूकडे ओढला जातो आणि अंडी शोधण्याचे कामही सोपे होते.

कार्ड आणणे. कृषी विज्ञान केंद्र, कृषी विद्यापीठाची जैविक कीड नियंत्रण प्रयोगशाळा किंवा खात्रीचा उत्पादक यांच्याकडे आठवडाभर आधी मागणी नोंदवावी आणि टोमॅटोसाठी प्रेटिओसम हवा हे स्पष्ट सांगावे. एका कार्डावर तांदळावरील पतंगाची साधारण 18 ते 20 हजार परोपजीवीग्रस्त अंडी चिकटवलेली असतात. शिफारस हेक्टरी 50 हजारांची, म्हणजे एकरी आठवड्याला एक कार्ड, असे पाच ते सहा आठवडे. कार्ड हातात घेताच त्यावरील कीटक बाहेर पडण्याची तारीख वाचावी आणि मगच पैसे द्यावेत. मी एका वर्षी तारीख न पाहताच कार्ड घेतले. घरी भिंगातून पाहिले तर जवळजवळ प्रत्येक काळ्या दाण्याला सुईने टोचल्यासारखे एक गोल छिद्र होते आणि पाकिटाच्या तळाशी धुळीसारखे काहीतरी साचले होते. ते मेलेले कीटक होते, म्हणजे मी रिकामा कागद विकत आणला होता. तेव्हापासून भिंग खिशात असते. चांगल्या कार्डावरील दाणे काळसर, भरीव आणि बिनछिद्राचे दिसतात. प्रवासात कार्ड गाडीच्या काचेजवळ किंवा बंद प्लास्टिकच्या पिशवीत ठेवू नये. पावसाची झड लागली तरच ते दोन-चार दिवस फ्रीजच्या खालच्या कप्प्यात, सुमारे 10 अंशांवर ठेवावे. बर्फाच्या कप्प्यात मात्र कधीही नाही.

लावणे. कीटक बाहेर पडण्याच्या आदल्या संध्याकाळी, ऊन उतरल्यावर कार्डाचे 20 तुकडे करावेत. अंडी बोटांनी चोळली जाणार नाहीत अशा बेताने तुकडा कडेने धरून, दर दोन गुंठ्यांना एक याप्रमाणे झाडाच्या मधल्या उंचीवर, पानाच्या खालच्या बाजूला टाचणीने किंवा स्टेपलरने अडकवावा. अंड्यांची बाजू पानाकडे असावी, म्हणजे पाऊस आणि ऊन थेट लागत नाही. बांधणीच्या तारेला किंवा बांबूला कार्ड लावणे सोयीचे वाटते, पण त्याच वाटेने मुंग्या चढतात आणि रात्रीत अंडी फस्त करतात. हा कीटक फार दूर जात नाही, म्हणून सगळे तुकडे बांधालगत लावून मोकळे होऊ नये.

फवारणी आवरणे. खरे कठीण काम हेच आहे, आणि नाशिककराला ते जास्तच कठीण जाते. कार्ड लावण्याआधी दहा ते पंधरा दिवस आणि त्यानंतर शेवटचे कार्ड संपेपर्यंत रासायनिक कीटकनाशक फवारू नये. करप्यासाठी बुरशीनाशक घ्यावेच लागते. ते कार्ड लावल्यानंतर लगेच न घेता आधी उरकून घ्यावे, आणि "टाकी भरलीच आहे तर एखादे कीटकनाशकही टाकून देऊ" ही सवय त्या सहा आठवड्यांपुरती निग्रहाने मोडावी. गंधकापासून विशेष सांभाळावे, कारण ते ट्रायकोग्रामाला घातक आहे आणि आपल्याकडे द्राक्षबागेत भुरीसाठी ते सर्रास वापरले जाते. शेजारच्या बागेत ब्लोअर चालत असेल तर शेजाऱ्याला आपली तारीख सांगून ठेवावी आणि त्या बाजूच्या चार-पाच ओळी सोडून कार्डे लावावीत. आधीच फुटलेल्या लहान अळ्यांसाठी एकरी 100 एलई (अळी-समतुल्य मात्रा) एचएएनपीव्ही, म्हणजे घाटे अळीला रोग लावणारा विषाणू, किंवा बीटी हे अळ्या मारणारे जिवाणूजन्य औषध संध्याकाळी फवारावे. त्यांनी मित्रकीटकाला धक्का लागत नाही. पांढरी माशी आणि फुलकिडे यांच्यावर ट्रायकोग्रामाचा काहीच उपयोग नाही, त्यासाठी चिकट सापळ्यांची वेगळी सोय लागते. टुटाची अंडी मात्र तो शोधतो.

पडताळा. पहिले कार्ड लावल्यानंतर पाच-सहा दिवसांनी शेंड्याची पाने पुन्हा पाहावीत. परोपजीवी शिरलेले अंडे साधारण चौथ्या दिवसापासून काळे पडते आणि तसेच राहते. अंडी असलेली दहा-पंधरा पाने तोडून रुंद तोंडाच्या काचेच्या बाटलीत ठेवावीत, तोंडाला कापसाचा बोळा लावावा आणि बाटली घरातल्या सावलीत आठवडाभर ठेवावी. त्यात अळ्या जास्त निघाल्या तर तारीख चुकली, फवारा लागला किंवा कार्डच निर्जीव होते, यांपैकी काय घडले ते शोधून पुढचे कार्ड चार दिवसांच्या अंतराने लावावे. काळ्या ठिपक्यांसारख्या गांधीलमाश्या काचेवर चालताना दिसल्या तर आठवड्याचा क्रम तसाच चालू ठेवावा आणि बाटली संध्याकाळी शेतात नेऊन झेंडूच्या ओळीत उघडावी.