रात्रीत बॅटरी उतरायची, कारण निघालं स्टिरिओची वायर
संध्याकाळी गाडी ठणठणीत, सकाळी सेल्फ मारला की नुसतं टक-टक. बॅटरी नवी घातली, बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटर तपासला (चालू इंजिनवर 14.2 व्होल्ट, म्हणजे ठीक), तरी तेच. पार वैतागलो होतो.

मग चावी काढून दारं बंद केली. बॅटरीची निगेटिव्ह केबल सोडवून केबल आणि टर्मिनलच्या मध्ये मल्टिमीटर लावला, 10 अँपिअरच्या रेंजवर. यावेळी सेल्फ अजिबात मारू नका, मीटर जातो. अर्धा तास थांबलो; त्याआधीचा आकडा खरा नसतो. बंद गाडीतही बॅटरीतून 1.1 अँपिअर करंट जात होता! साधारण 0.05च्या आत हवा. एकेक फ्यूज काढत गेलो. ऑडिओचा काढताच 0.03. बाहेरून बसवलेल्या स्टिरिओची लाल वायर कायम चालू असणाऱ्या पिवळ्या वायरीलाच पिळलेली होती. ती सोडवून चावीवर चालणाऱ्या लाइनला जोडली. आठ दिवस झाले, पहिल्या सेल्फला गाडी सुरू.