आवडता खेळाडू दुसऱ्या संघात गेला तर: बेळगाव, खानापूर, निपाणीतल्या एनबीए चाहत्यांसाठी

बातमी बहुतेक वेळा आपण झोपेत असताना येते. एनबीए या अमेरिकेतल्या बास्केटबॉल लीगमधली ट्रेडची, म्हणजे संघांनी आपसांत खेळाडू बदलण्याची मुदत फेब्रुवारीच्या सुरुवातीला, न्यूयॉर्कच्या घड्याळात दुपारी ३ ला संपते. आपल्याकडं तेव्हा मध्यरात्र उलटून दीड वाजलेला असतो. करार संपलेल्या खेळाडूंशी इतर संघांची बोलणी ३० जूनच्या संध्याकाळी ६ ला सुरू होतात, म्हणजे आपली १ जुलैची पहाट, साडेतीन. डॅलसचा लाडका लुका डॉन्चिच तिथून लॉस एंजेलिसच्या लेकर्सकडं गेल्याची बातमी मात्र २ फेब्रुवारी २०२५ ला, आपल्या रविवारी सकाळी पावणेअकराच्या सुमारास फुटली. मटणाची पिशवी घरात पोचायच्या वेळेला.

पहिल्या तासात माणूस तीन चुका करतो. खोट्या बातमीवर विश्वास ठेवतो, ग्रुपवर परत घेता येणार नाही असं काहीतरी लिहितो आणि जर्सीवर हात उचलतो. तिन्ही टाळता येतात.

आधी बातमी पक्की करा

नावाजलेल्या बातमीदारांच्या नावाची, तोच फोटो लावलेली बनावट खाती ट्रेडच्या दिवसांत धुमाकूळ घालतात. निळी खूण पैसे भरून मिळते, ती पुरावा नव्हे. खात्याचं पूर्ण नाव अक्षर अक्षर वाचा, खातं किती जुनं आहे बघा आणि त्याच बातमीदाराच्या वाहिनीवर ती बातमी आली आहे का तपासा. लुकाच्या वेळी ईएसपीएनच्या शॅम्स शरानियाचं खातं कुणीतरी हॅक केलंय असंच लोकांना वाटलं. बातमी खरी आहे हे त्याला पुन्हा लिहून सांगावं लागलं.

बातमी खरी असली तरी व्यवहार पुरा झालेला नसतो. दोन्ही संघांचं ठरतं, मग लीगची मंजुरी आणि खेळाडूंची वैद्यकीय तपासणी होते. इथं गाडी अडते. लुका आल्यानंतर त्याच आठवड्यात लेकर्सनी शार्लटच्या मार्क विल्यम्सला घेतलं आणि डाल्टन कनेक्टला देऊन टाकलं. विल्यम्स तपासणीत बसला नाही, ८ फेब्रुवारीला व्यवहार रद्द झाला आणि कनेक्ट होता तिथं परत आला. निरोपाच्या पोस्टी टाकलेल्यांना त्या काढाव्या लागल्या.

जुलैमध्ये आणखी एक खाच आहे. ६ जुलैच्या दुपारपर्यंत, म्हणजे आपल्या रात्री साडेनऊपर्यंत, बहुतेक करारांवर सह्याच होत नाहीत. तोवरचं सगळं तोंडी. २०१५ मध्ये डीअँड्रे जॉर्डननं डॅलसला होकार दिला होता आणि सह्यांच्या आधी तो फिरून क्लिपर्सकडंच राहिला. तेव्हा संघाच्या स्वतःच्या खात्यावर जाहीर होईपर्यंत आनंद आणि शोक दोन्ही आखडते घ्या.

गेला की पाठवला?

सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हा. याचं उत्तर न शोधता जो रागावतो, त्याचा राग हमखास चुकीच्या माणसावर निघतो.

करार संपल्यावर खेळाडू स्वतःहून गेला असेल तर तो त्याचा निर्णय. लेब्रॉन जेम्सनं ८ जुलै २०१० ला टीव्हीवरच्या खास कार्यक्रमात क्लीव्हलँड सोडून मायामीला जात असल्याचं सांगितलं. केव्हिन ड्युरंटनं ४ जुलै २०१६ ला ओक्लाहोमा सिटी सोडून गोल्डन स्टेट धरलं, म्हणजे त्याच मोसमात ज्यांच्याकडून ३-१ अशा आघाडीवरून मालिका हरली, त्याच संघाकडं तो गेला. इथं खेळाडूवर नाराज व्हायला जागा आहे.

ट्रेडमध्ये गोष्ट उलटी असते. संघ ठरवतो, खेळाडूला बहुधा विचारतही नाहीत. नकाराधिकाराचं कलम करारात असलेले खेळाडू हाताच्या बोटांवर मोजावेत इतके. लुकानं डॅलस मागून सोडलेलं नाही. उलट डॅलसमध्ये राहिला असता तर त्याला ५ वर्षांचा साधारण ३४.५ कोटी डॉलरचा करार मिळू शकला असता. ट्रेड होताच तो हक्क गेला, कारण एवढा मोठा करार सहसा ज्या संघात खेळाडू घडला तोच देऊ शकतो. ऑगस्ट २०२५ मध्ये लेकर्सशी त्यानं केलेला करार ३ वर्षांचा, १६.५ कोटींचा आहे. डॅलसच्या लोकांनी हे बरोबर ओळखलं. त्यांनी मैदानाबाहेर, संघाचा जुना महान खेळाडू डर्क नोविट्झ्कीच्या पुतळ्यापाशी शवपेटी आणून ठेवली, पण घोषणा दिल्या त्या सरव्यवस्थापक निको हॅरिसनच्या विरोधात. लुकाला कुणी बोल लावला नाही. नोव्हेंबर २०२५ मध्ये हॅरिसनला काढलं.

तिसरा प्रकार म्हणजे खेळाडूनं स्वतः ट्रेड मागणं. यात दोघांचाही हात असतो, म्हणून मत बनवायला आठवडाभर थांबावं हे बरं.

कोण गेलं, कोण आलं, कोणत्या सालचा पहिल्या फेरीचा पिक (ड्राफ्टमध्ये, म्हणजे नवोदितांच्या वार्षिक निवडीत, खेळाडू घ्यायचा हक्क) मिळाला, आलेल्याच्या कराराची किती वर्षं उरली, हे सगळं एका कागदावर लिहून काढा. लुकाबरोबर मॅक्सी क्लीबर आणि मार्कीफ मॉरिस गेले; डॅलसला अँथनी डेव्हिस, मॅक्स क्रिस्टी आणि लेकर्सचा २०२९ चा पहिल्या फेरीचा पिक मिळाला; काही हिस्सा युटालाही गेला. मग संघाच्या एकूण पगाराची मर्यादा बघा. २०२५-२६ साठी ती १५ कोटी ४६ लाख ४७ हजार डॉलर आहे. ती ओलांडता येते, पण २० कोटी ७८ लाख २४ हजारांची वरची रेघ ओलांडली की दोन खेळाडूंचे पगार एकत्र करून एक मोठा खेळाडू आणता येत नाही. पुष्कळ 'वेडे' वाटणारे व्यवहार या रेघेखाली यायला केलेले असतात. लुकाचा तसा नव्हता, म्हणून तर तो इतका जिव्हारी लागला.

संघ सोडायचा का, हे त्या आठवड्यात ठरवू नका. १२ मे २०२५ ला ड्राफ्टची सोडत निघाली. पहिला क्रमांक मिळायची डॅलसची शक्यता होती १.८ टक्के. तोच निघाला आणि त्या वर्षीचा सगळ्यात गाजलेला नवोदित कूपर फ्लॅग आला. फेब्रुवारीत ज्यांनी कायमचा रामराम ठोकला त्यांना जूनमध्ये परत यायची लाज वाटत होती. खेळाडूबरोबर जाणं, संघाबरोबर राहणं, दोघांनाही धरणं, तिन्ही रास्त आहे. डॅलसशी आपल्याकडच्या काहींचं नातं २०१५ पासूनचं आहे. पंजाबच्या सतनाम सिंगला ५२ व्या क्रमांकावर घेतलं ते याच संघानं. अशा माणसाला 'लुका गेला, आता तूही चल' म्हणणं बरं नाही.

जर्सीचं काय करायचं

जाळू नका. २०१० मध्ये क्लीव्हलँडला लेब्रॉनच्या जर्स्या जाळल्या. २०१४ मध्ये तो परतला आणि २०१६ मध्ये त्यानं शहराला ५२ वर्षांनी कुठल्याही मोठ्या खेळातलं पहिलं विजेतेपद दिलं. भावनेचं सोडा, पॉलिस्टर हे कापड कापसासारखं जळून राख होत नाही. ते वितळतं, त्याचे जळते थेंब पडतात आणि कातडीला चिकटतात. गच्चीवर, गल्लीत, पोरांच्या घोळक्यात हा प्रकार नकोच.

नाव-नंबर बदलून तीच जर्सी वापरायची असेल तर आधी छपाई ओळखा. अक्षरांवरून नख फिरवा. कड लागली नाही, कापड आणि अक्षर एकच वाटलं, तर ती सब्लिमेशनची छपाई. स्थानिक स्पर्धांसाठी बनवून घेतलेल्या जर्स्या बहुतेक अशाच असतात. रंग धाग्यातच मुरलेला असतो, तो निघत नाही. प्रयत्न सोडून द्या. कड लागली आणि प्लास्टिकसारखा थर जाणवला तर ते व्हिनाइल. जाड कापडी अक्षरं शिवलेली असतील तर ती उसवता येतात, पण सुयांची भोकं राहतात.

व्हिनाइल काढताना जर्सी उलटी करून आतून, वर बटर पेपर ठेवून मध्यम इस्त्री (१५० अंशांच्या आतच) १० ते १५ सेकंद दाबा. घासू नका. गरम असतानाच चिमट्यानं कोपरा उचलून हळू ओढा; थंड झालं की तुटून तुकडे पडतात. एकदम अख्खा नंबर उचलायला गेलात तर जाळीदार कापड ताणलं जातं आणि पुन्हा बसत नाही. आधी आतल्या शिवणीपाशी इस्त्री टेकवून बघा, चकाकी आली तर उष्णता जास्त आहे. थर निघाल्यावरही जुन्या नंबरची सावली दिसते, कारण झाकलेल्या भागाला ऊन लागलेलं नसतं. गडद निळ्यावर आणि जांभळ्यावर ती फारच दिसते. यावर उपाय नाही, नवा नंबर जुन्याहून मोठा घेणं एवढंच.

लाल किंवा गडद पॉलिस्टरवर पांढरं व्हिनाइल लावून घेताय तर दुकानदाराला 'रंग अडवणारं' व्हिनाइल आहे का विचारा. साधं लावलं तर दाबाच्या उष्णतेनं खालचा रंग वर चढतो आणि दोन-चार दिवसांत पांढरा नंबर गुलाबी होतो. दुकानाला दोष देण्याआधी हे बोलून घ्यावं.

नवी जर्सी घ्यायची घाई नको. नंबर बदलू शकतो: ड्युरंट ३५ चा ब्रुकलिनमध्ये ७ झाला, लेब्रॉन २३ चा मायामीत ६. लुकाचा ७७ लेकर्समध्ये मोकळा होता म्हणून टिकला. आणि त्याचं नाव छापून घेताना दोन्ही 'सी'वरच्या खुणा कागदावर काढून द्या. पहिल्या 'सी'वर लहानसा 'व्ही', शेवटच्यावर नुसती तिरकी रेघ. तोंडी सांगितलं तर हमखास चुकतं.

जुनी ठेवायची असेल तर थंड पाण्यात उलटी करून धुवा, सावलीत वाळवा, पूर्ण सुकल्याशिवाय घडी घालू नका. छापील बाजू एकमेकीवर येत असेल तर मध्ये बटर पेपर घाला, नाहीतर उन्हाळ्यात व्हिनाइल एकमेकांना चिकटतं. वर जुनं सुती धोतर किंवा मलमल गुंडाळा. प्लास्टिकच्या बंद पिशवीत घालू नका. खानापूर, जांबोटी, कणकुंबी पट्ट्यातल्या पावसाळ्यात आत अडकलेल्या ओलाव्यानं बुरशीचे काळे ठिपके पडतात आणि ते जात नाहीत. दसऱ्याच्या साफसफाईत एकदा बाहेर काढून वारा द्या. लहान मुलाची जर्सी असेल तर ती त्याला विचारल्याशिवाय कपाटात टाकू नका. पुष्कळ मुलांना ती दुसऱ्या दिवशीही घालायची असते, घालू द्यावी.

वेळापत्रक बदलतं, हे विसरू नका

खेळाडूबरोबर जायचं ठरवलं तर तुमची सकाळच बदलते. स्थानिक साडेसातची मॅच धरू. हिवाळ्यात ती न्यूयॉर्क-बोस्टनला असेल तर आपल्याकडं सकाळी ६, डॅलसला ७, लॉस एंजेलिसला ९. म्हणजे डॅलसची घरची मॅच बघून दहाला कॉलेज गाठता येत होतं. लेकर्सची ऐन पहिल्या तासिकेला रंगात येते. मार्चच्या दुसऱ्या रविवारपासून नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारपर्यंत तिकडं घड्याळ एक तास पुढं असतं, तेव्हा आपल्या या सगळ्या वेळा एक तास अलीकडं येतात. मार्चमध्ये पहिला क्वार्टर चुकतो तो यामुळंच. लीग पास या एनबीएच्या ऑनलाइन सेवेवर मॅच नंतर पूर्ण बघता येते. निकाल लपवण्याची सोय सुरू करा आणि ग्रुप दुपारपर्यंत म्यूट करा.

ग्रुपवर काय लिहावं

ॲडमिननं पहिल्या तासात एकच काम करावं: खात्रीची बातमी आणि तो अदलाबदलीचा कागद पिन करणं. 'गद्दार' हा शब्द वापरू नका. आपल्या सीमाभागात त्या शब्दाला चेंडूच्या खेळापेक्षा फार जड अर्थ आहे, आणि टिळकवाडीच्या किंवा अनगोळच्या कोर्टवर आपल्याबरोबर खेळणारी निम्मी पोरं घरी कन्नड बोलतात. भांडण लेकर्स-डॅलसचं असेल तिथंच ठेवावं. मराठी-कन्नड त्यात आलं की संध्याकाळचा खेळ बंद पडतो, आणि तो पुन्हा सुरू व्हायला महिने लागतात. खेळाडूच्या बायकापोरांच्या खात्यांवर जाऊन लिहिणं तर सरळ ओंगळ आहे.

आपल्या कोर्टवरचा चांगला मुलगा क्रीडा वसतिगृहात निवड होऊन किंवा नोकरीसाठी बेंगळुरू, हुबळी, कोल्हापूरला गेला तर त्याच संध्याकाळी त्याला फोन करा. त्याच्या जागी कोण खेळणार, हे त्याच्याशी बोलूनच ठरवा.

परतीची मॅच

जुन्या मैदानावरची पहिली मॅच एकत्र बघावी. क्लीव्हलँडनं २ डिसेंबर २०१० ला लेब्रॉनची रात्रभर हुर्यो केली; त्यानं ३८ गुण केले आणि मायामी ११८-९० नं जिंकलं. ओक्लाहोमात ११ फेब्रुवारी २०१७ ला लोक कपकेकची चित्रं असलेले कपडे घालून आले, म्हणजे ड्युरंट मऊ, लेचापेचा असा टोमणा. ड्युरंटचे ३४, गोल्डन स्टेट १३०-११४. डॅलसनं ९ एप्रिल २०२५ ला लुकाचं उभं राहून स्वागत केलं, त्याला रडू आवरलं नाही आणि मग त्यानं ४५ गुण मारले. चांगला खेळाडू कसंही ऐकून खेळतोच.

आठ-दहा जण असाल तर फोनवरून कास्ट करण्यापेक्षा लॅपटॉप केबलनं टीव्हीला जोडा, चित्र अडकत नाही. मोबाईलच्या डेटावर चालवणार असाल तर तासाला २ ते ३ जीबी धरा, मॅच सव्वादोन-अडीच तास चालते. दोन्ही जर्स्या चालतील हे आधीच सांगून ठेवा. आणि दिलेल्या वेळेच्या वीस मिनिटं आधी लावा, कारण मानवंदनेचा व्हिडिओ चेंडू उडायच्या आधी दाखवतात. चहा त्याआधीच थर्मासात भरून ठेवा.