गाडीचा एसी लावला की आवाज येतो? आधी तो नेमका कधी येतो ते बघा

एसीचं बटण दाबलं आणि बॉनेटखालून आवाज यायला लागला, की गॅरेजमधली दोन उत्तरं ठरलेली असतात. "गॅस भरून टाकू", नाहीतर "कॉम्प्रेसर गेला". (कॉम्प्रेसर म्हणजे एसीचा गॅस दाबून फिरवणारा पंप.) पहिलं उत्तर स्वस्त, दुसरं महाग, आणि पुष्कळदा दोन्ही न तपासताच दिलेली. आवाज कसा आहे यापेक्षा तो कधी येतो आणि कधी थांबतो, यावरून दोष लवकर सापडतो. म्हणून पाना हातात घ्यायच्या आधी पाच मिनिटं कान द्या.

इथे लिहिलं आहे ते बेल्टवर चालणाऱ्या, पुढे चुंबकी क्लच असलेल्या कॉम्प्रेसरबद्दल. बहुतेक पेट्रोल आणि डिझेल गाड्यांत तोच असतो. इलेक्ट्रिक गाड्यांत आणि बऱ्याच हायब्रिडमध्ये कॉम्प्रेसर मोठ्या व्होल्टेजच्या विजेवर चालतो. त्याला भगव्या रंगाच्या केबल गेलेल्या दिसल्या तर घरी काहीही उघडू नका.

पुली वेगळी, कॉम्प्रेसर वेगळा

इंजिन चालू झालं की बेल्टबरोबर कॉम्प्रेसरची पुली सतत फिरते, एसी चालू असो वा बंद. एसी लावल्यावर क्लचच्या कॉइलला १२ व्होल्ट मिळतात, पुढची चकती 'टक्' करून पुलीला चिकटते आणि तेव्हाच आतला शाफ्ट फिरू लागतो. याचा सरळ अर्थ असा: एसी बंद असतानाही आवाज येत असेल, तर कॉम्प्रेसरचं पोट बहुधा शाबूत आहे. दोष पुलीच्या बेअरिंगमध्ये, बेल्टमध्ये किंवा त्याच बेल्टवरच्या दुसऱ्या एखाद्या पुलीत शोधायचा. आवाज एसीबरोबर सुरू होऊन एसीबरोबरच थांबत असेल, तर क्लच, गॅसचं प्रेशर, माउंटिंग आणि शेवटी कॉम्प्रेसर, या क्रमाने जायचं.

एसीबरोबर कंडेन्सरचा, म्हणजे गाडीच्या पुढच्या बाजूला असलेल्या, गॅस थंड करणाऱ्या जाळीचा पंखाही सुरू होतो, हे लक्षात ठेवा. पंख्याच्या मोटरचं बुश झिजलं किंवा पातं तुटलं, तर घरघर अगदी कॉम्प्रेसरसारखीच ऐकू येते. आवाज डॅशबोर्डच्या मागून येत असेल आणि ब्लोअरचा वेग बदलला की बदलत असेल, तर ब्लोअरमध्ये पान किंवा कचरा अडकला आहे. एसी बंद केल्यावर काही क्षण येणारा 'सूंऽऽ' आवाज म्हणजे गॅसच्या जास्त प्रेशरच्या (हाय साइड) आणि कमी प्रेशरच्या (लो साइड) बाजूंचं प्रेशर समान होणं. तो दोष नाही.

एसी बंद, तरी आवाज

पहिला संशयित बेल्ट. इंजिन चालू ठेवून बेल्टच्या खाचांच्या बाजूवर बाटलीने थोडं साधं पाणी शिंपडा. बाही, ओढणी, केस दूर ठेवूनच. 'चीं चीं' आवाज क्षणभर गेला आणि परत आला, तर पुल्या एका रेषेत नाहीत किंवा खाचा झिजल्या आहेत. पाण्याने आवाज वाढला, तर बेल्ट ढिला आहे किंवा टेन्शनर (बेल्ट ताणून धरणारा भाग) थकला आहे. पावसाळ्यात सकाळी गाडी सुरू करताना दोन-चार सेकंद चिरकून थांबणाऱ्या बेल्टचं फार मनावर घेऊ नका. बेल्टवर तेल किंवा कूलंट सांडलं असेल, तर आधी गळती बंद करून मगच नवा बेल्ट घाला. बाजारात मिळणारा बेल्टचा स्प्रे आवाज काही दिवस दाबतो, एवढंच.

मग बेल्ट उतरवा. उतरवण्यापूर्वी तो कुठून कसा गेला आहे याचा फोटो काढून ठेवा. बेल्ट नसताना इंजिन अर्धा मिनिट चालवा, त्याहून जास्त नाही, कारण बऱ्याच गाड्यांत पाण्याचा पंपही याच बेल्टवर असतो. आवाज गेला तर दोष बेल्टवरच्या कुठल्यातरी भागात आहे. इंजिन बंद करून एकेक पुली हाताने फिरवा. कॉम्प्रेसरची पुली मोकळी आणि मऊ फिरायला हवी. बोटांना खरखर जाणवली, वाळू दळल्यासारखा आवाज आला किंवा पुली कडेला धरून हलवल्यावर डुगडुगली, तर बेअरिंग गेलं. आयडलर (बेल्टला नुसती वाट देणारी पुली) आणि टेन्शनरच्या पुल्याही अशाच तपासा, तिथे बेअरिंग जाणं तितकंच नेहमीचं आहे.

गॅरेजमध्ये कमी सांगितली जाणारी गोष्ट ही, की पुलीचं बेअरिंग आणि क्लच बदलायला गॅस काढावा लागत नाही. जागा मिळाली तर कॉम्प्रेसर गाडीवरच ठेवून काम होतं. नाहीतर माउंटिंगचे बोल्ट काढून, पाइप जोडलेलेच ठेवून तो बाजूला ओढता येतो. त्या वेळी पाइपवर भार येऊ देऊ नका, दोरीने कॉम्प्रेसर टांगून ठेवा.

क्रम असा. बॅटरीचं निगेटिव्ह काढा. क्लचच्या मधला बोल्ट किंवा नट सोडा. चकती फिरू नये म्हणून ती धरायचं हत्यार लागतं, पकडीने धरून तिची वाट लावू नका. चकती काढल्यावर शाफ्टवर बारीक शिम (फट जुळवायच्या वॉशरसारख्या चकत्या) दिसतील. कागदाइतक्या पातळ असतात, हरवल्या तर काम अडतं, म्हणून लगेच डबीत टाका. सर्क्लिप (पुली अडवून ठेवणारी स्प्रिंगची कडी) काढा, पुलरने (ओढून काढायच्या हत्याराने) पुली बाहेर घ्या. बेअरिंगच्या कडेवर नंबर कोरलेला असतो, दुकानात तोच दाखवा. नवं बेअरिंग पुलीत बसवताना दाब फक्त बाहेरच्या रिंगवर द्यायचा. आतल्या रिंगवर हातोडी पडली तर गोळ्यांच्या वाटेवर खड्डे पडतात आणि महिन्याभरात तोच आवाज परत.

सगळं बसवल्यावर चकती आणि पुली यांमधली फट फीलर गेजने (ठरावीक जाडीच्या पातळ पट्ट्यांनी) तीन-चार ठिकाणी मोजा. साधारण ०.३ ते ०.६ मिमी चालते, तुमच्या मॉडेलचा आकडा सर्व्हिस मॅन्युअलमध्ये मिळेल. कमी-जास्त असेल तर शिम काढा किंवा घाला.

एसी लावला की किंचाळतो, किंवा अर्ध्या तासाने

ही फटच पुष्कळ त्रासांचं मूळ असते. चकती झिजत जाते, फट वाढते. थंड इंजिनवर क्लच नीट ओढतो. गाडी तापली की कॉइलच्या तारेचा रोध वाढतो, करंट घटतो, चुंबकाची ओढ कमी पडते आणि चकती घसरून किंचाळते किंवा चिकटतच नाही. एसी अर्धा तास चालून बंद पडत असेल आणि गाडी थंड झाल्यावर पुन्हा चालत असेल, तर गॅसच्या मागे लागण्याआधी फट मोजा. कॉइलचा रोध मल्टिमीटरवर सहसा ३ ते ५ ओहम दाखवतो. एसी चालू असताना कॉइलच्या पिनवर बॅटरीपेक्षा अर्ध्या व्होल्टहून जास्त कमी दिसत असेल, तर रिले, कनेक्टर आणि अर्थ साफ करा. चकती निळसर पडली असेल आणि जळका वास असेल, तर क्लचचा पूर्ण संचच बदलावा. नुसती चकती बदलून पुलीचा तासलेला चेहरा तसाच ठेवणं ही खोटी बचत. क्लचभोवती तेलाचे शिंतोडे गोल उडालेले दिसले, तर शाफ्टचं सील गळतंय, आणि ते थांबवल्याशिवाय नवा क्लचही घसरेल.

क्लच ठीक असून बेल्ट ओरडत असेल, तर कॉम्प्रेसरवर भार जास्त आहे का बघा. विदर्भातल्या मे महिन्यात, सिग्नलला उभ्या गाडीत हे हमखास दिसतं. कंडेन्सरच्या जाळीत धूळ, किडे, गवत अडकलेलं असतं किंवा पंखा पूर्ण वेगाने फिरत नाही. एक सोपी चाचणी: एसी चालू ठेवून कंडेन्सरवर समोरून हळू पाणी मारा. आवाज कमी झाला आणि हाय साइडचं प्रेशर झपाट्याने उतरलं, तर हवा खेळत नाही हा निकाल लागला. धुताना प्रेशर वॉशर जवळ नेऊ नका, पातळ पत्री आडव्या होतात.

प्रेशर बघायचं तर गेज लावून, दारं उघडी, ब्लोअर पूर्ण, इंजिन १५०० आरपीएमवर. आर-१३४ए गॅस आणि बाहेर ३५ अंश असताना लो साइड साधारण ३० ते ४५ आणि हाय साइड २०० ते २५० पीएसआय असते. दोन्ही कमी, तर गॅस कमी. दोन्ही जास्त, तर गॅस जादा भरलाय, आत हवा आहे किंवा कंडेन्सर तापतोय. लो जास्त आणि हाय कमी, तर कॉम्प्रेसर आतून झिजलाय. बंद गाडीत ३० अंशांना दोन्ही काटे जवळजवळ ९७ पीएसआय दाखवतात, आणि आत द्रव गॅस शिल्लक आहे तोवर थोडा असो की भरपूर, आकडा तोच राहतो. उभ्या गाडीचा काटा बघून "गॅस फुल आहे" म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नका.

दर काही सेकंदांनी 'टक्-टक्' होत क्लच लागत-सुटत असेल, तर बहुधा गॅस कमी आहे. गॅस आपोआप संपत नाही. गळती शोधा: जोड, व्हॉल्व्हची टोपी, कंडेन्सरचा खालचा भाग, डॅशबोर्डमागची कूलिंग कॉइल. कोकण-गोव्याच्या खाऱ्या हवेत कंडेन्सर आधी बघा. गळती बुजवणारं रसायन आत घालू नका, ते एक्स्पान्शन व्हॉल्व्ह (कूलिंग कॉइलमध्ये गॅस मोजून सोडणारा बारीक व्हॉल्व्ह) आणि गॅसचं मशिन दोन्ही चोंदवतं.

आणखी एक, जवळजवळ फुकटात सुटणारा दोष. एसी लावल्यावर केबिनमध्ये गुणगुण येते, बॉनेट उघडल्यावर मात्र फारसं काही ऐकू येत नाही. एसीचा पाइप बॉडीला घासतोय किंवा क्लॅम्पचं रबर पडलंय. पाइप हाताने किंचित बाजूला दाबा (फिरत्या बेल्टपासून लांब). आवाज थांबला तर रबराचा तुकडा लावून काम संपलं. माउंटिंगचे बोल्टही याच वेळी पाहून घ्या.

कॉम्प्रेसर खरोखर गेला असेल तर

इंजिन बंद करून क्लचची पुढची चकती हाताने फिरवा. पुली नव्हे, चकती. एकसारखा हलका विरोध लागला तर ठीक. खटके बसतात, खरखर आहे किंवा हलतच नाही, तर आतलं संपलं. एसी चालू असताना लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक कॉम्प्रेसरच्या मागच्या भागावर टेकवून मूठ कानाशी धरली, की आतली खडखड स्पष्ट ऐकू येते.

यापुढचं काम गॅस काढणारं मशिन असलेल्या ठिकाणीच. गॅस हवेत सोडू नका. आर-१३४ए कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे १४३० पट तापमानवाढ करतो, आणि उडालेला द्रव गॅस डोळ्यात गेला तर डोळा जातो. जुन्या कॉम्प्रेसरमधलं तेल ओतून मोजा आणि पांढऱ्या कापडावर बघा. काळं असेल किंवा त्यात चंदेरी चुरा चमकत असेल, तर नुसता कॉम्प्रेसर बदलून भागणार नाही. पाइप धुवा, ड्रायर (गॅसमधली ओल शोषणारा डबा) आणि एक्स्पान्शन व्हॉल्व्ह बदला. हल्लीच्या बारीक नळ्यांच्या कंडेन्सरमधून चुरा पूर्ण निघत नाही, म्हणून तोही बदला. हा खर्च टाळला तर तोच चुरा नव्या कॉम्प्रेसरला खातो, आणि दोष मात्र "माल लोकल निघाला" म्हणून दुकानदारावर जातो.

नव्या कॉम्प्रेसरमध्ये बहुधा पूर्ण सिस्टिमचं तेल भरलेलं येतं. पाइप-कंडेन्सरमध्ये जुनं तेल राहिलं असेल तर जुन्यातून निघालं तेवढंच ठेवून बाकीचं काढा; सगळं धुतलं वा बदललं असेल तर पूर्ण ठेवा. तेल पॅग ४६ की पॅग १०० (आकडा तेलाच्या घट्टपणाचा) हे लेबलवर लिहिलेलं असतं, अंदाजाने बदलू नका. हे तेल हवेतली ओल ओढतं, त्यामुळे डब्याचं झाकण आणि पाइपची तोंडं उघडी सोडू नका. प्रत्येक जोडाला नवा ओ-रिंग, तेलाचं बोट लावून.

नंतर ३० ते ४५ मिनिटं व्हॅक्यूम, पंप बंद करून १५-२० मिनिटं काटा हलतो का ते बघणं, आणि मग गॅस वजन करून. बॉनेटखालच्या स्टिकरवर गॅसचा प्रकार आणि ग्रॅम छापलेले असतात. छोट्या गाडीत ५० ग्रॅमचा फरकही जाणवतो. एसी पहिल्यांदा लावण्याआधी क्लचची चकती हाताने दहा-बारा फेरे फिरवा, म्हणजे सिलेंडरमध्ये साचलेलं तेल पुढे सरकेल. पहिली पाच मिनिटं इंजिन आयडलवरच ठेवा, रेस देऊ नका.