प्रकाशझोताच्या साहाय्याने रात्री ढगांची उंची कशी मोजावी

रात्रीच्या वेळी ढगांचा तळ जमिनीपासून किती उंचीवर आहे, हे दहावीच्या पुस्तकातील त्रिकोणमिती, कंपासपेटीतील कोनमापक आणि सरळ वर रोखलेला एक अरुंद, प्रखर झोत एवढ्या सामग्रीवर मोजता येते. विमानतळांवरील हवामान निरीक्षकांनी हीच पद्धत अनेक दशके वापरली. धावपट्टीजवळ एक दिवा उभा झोत टाकत असे, त्यापासून सुमारे १००० फुटांवर उभा असलेला निरीक्षक ढगावर उमटलेल्या ठिपक्याचा उन्नत कोन मोजत असे आणि तक्त्यातून उंची वाचत असे. आता हे काम सीलोमीटर करतो. तो अवरक्त लेझरचा क्षणिक स्पंद वर सोडतो आणि परतीच्या प्रकाशाला लागलेल्या वेळावरून उंची काढतो. १००० मीटरवरील ढगापर्यंत जाऊन परत येण्यास प्रकाशाला ७ मायक्रोसेकंदांपेक्षाही कमी वेळ लागतो. असे यंत्र शाळेच्या आवाक्यातले नाही, जुनी पद्धत मात्र नक्कीच आहे. शिवाय तिच्यात काय मोजले जात आहे हे विद्यार्थ्याला प्रत्यक्ष डोळ्यांनी दिसते, आणि माझ्या मते तिचे खरे मोल याच गोष्टीत आहे.

सर्वांत आधी जागेचा आणि परवानगीचा विचार करावा. आकाशात सोडलेला प्रखर झोत वैमानिकाचे डोळे दिपवू शकतो, आणि विमान उतरत असताना काही सेकंदांचे आंधळेपणही घातक ठरते. त्यामुळे विमानतळापासून किमान २५ ते ३० किलोमीटर दूर असलेली आणि विमाने उतरण्याच्या मार्गाखाली न येणारी जागा निवडावी, स्थानिक पोलीस ठाण्याला लेखी कळवावे, आणि आपल्या भागात झोतदिव्यांविषयी एखादा मनाई आदेश लागू आहे का, याची तेथेच चौकशी करावी. गणेशोत्सवातील मिरवणुकांमध्ये लेझर झोतांमुळे डोळ्यांना इजा झाल्याच्या तक्रारी आल्यावर २०२४ मध्ये पुणे जिल्हा प्रशासनाने उत्सवकाळात अशा झोतांवर बंदी घातली होती. या प्रयोगात लेझर मुळीच वापरू नये. हातात धरायचा हिरवा लेझर स्वस्तात मिळतो आणि त्याची रेघ आकाशात सुरेख दिसते, हे खरे. परंतु तो डोळ्याला आणि विमानाला सारखाच धोकादायक आहे आणि या मोजणीसाठी त्याची गरजही नाही.

दिवा निवडताना बहुतेक जण ल्युमेनचा आकडा पाहतात आणि तेथेच फसतात. ल्युमेन म्हणजे दिव्यातून बाहेर पडणारा एकूण प्रकाश. आपल्याला हवी असते ती एका दिशेने एकवटलेली तीव्रता, आणि ती कँडेलामध्ये मोजतात. कँडेलाच्या आकड्याला मीटरमधील अंतराच्या वर्गाने भागले की त्या अंतरावर पडणारा प्रकाश लक्समध्ये मिळतो. १० लाख कँडेलाचा टॉर्च १००० मीटर उंचीवरील ढगावर, वाटेतील हवेतली घट सोडल्यास, १ लक्स प्रकाश टाकतो. पौर्णिमेचा चंद्र जमिनीवर साधारण पाव लक्स प्रकाश देतो, तेव्हा त्याच्या चौपट उजळलेला ठिपका अंधाऱ्या ढगावर स्पष्ट दिसतो. तोच दिवा ३००० मीटरवर जेमतेम ०.११ लक्स देतो आणि ठिपका शोधावा लागतो. चांगल्या टॉर्चच्या खोक्यावर छापलेला पल्ला बहुधा याच पाव लक्सच्या हिशेबाने काढलेला असतो. म्हणून २००० मीटर पल्ल्याचा टॉर्च म्हणजे १० लाख कँडेलाचा टॉर्च असे धरून चालावे. झोताचा पसराही पाहावा. १ अंश पसरलेल्या झोताचा ठिपका १००० मीटरवर सुमारे १७ मीटर व्यासाचा होतो आणि तो मोजणीला सोयीचा असतो. दहा हजार ल्युमेनचा पसरट फ्लडलाइट अंगण उजळवील, पण ढगावर त्याचा मागमूस दिसणार नाही.

मंडपाचे किंवा डीजेचे सामान भाड्याने देणाऱ्यांकडे ‘शार्पी’ नावाने ओळखला जाणारा फिरता झोतदिवा मिळतो. त्याची तीव्रता टॉर्चपेक्षा पुष्कळ अधिक असते, परंतु त्याला वीज किंवा जनरेटर लागतो आणि त्याचे बहुतेक नमुने पावसात भिजवण्याजोगे नसतात. तो आणलाच, तर त्याचे डोके सरळ वर रोखून फिरणे आणि लुकलुकणे पूर्णपणे बंद ठेवावे. पहिल्या प्रयोगासाठी मी टॉर्चच सुचवीन.

झोत म्हणजे केवळ मिरवणुकीची शोभा, असा समज होऊ नये म्हणून येथे एक ऐतिहासिक उदाहरण देतो. ऑगस्ट १९४४ मध्ये नॉर्मंडीतील ‘टोटलाइझ’ मोहिमेच्या रात्री मित्रराष्ट्रांच्या सैन्याने सर्चलाइटचे झोत ढगांच्या तळावर टाकले आणि तेथून परतलेल्या मंद उजेडात तुकड्या पुढे सरकल्या. ढगातील पाण्याचे थेंब मिलिमीटरच्या शंभराव्या भागाच्या आसपास व्यासाचे असतात, पण एका घनसेंटिमीटरमध्ये ते अनेकदा शेकड्यांनी असतात. म्हणून ढग प्रकाश इतक्या प्रमाणात सर्व दिशांना विखुरतो की एका बाजूला उभ्या असलेल्या निरीक्षकालाही तो दिसतो. आपली मोजणीही याच गुणावर उभी आहे.

कोन मोजण्यासाठी कोनमापकाच्या सरळ कडेवर एक नळी चिकटवावी, मध्यबिंदूतून दोरा ओवून त्याला नटबोल्टसारखे लहानसे वजन बांधावे. नळी आडवी असताना दोरा ९० वर येतो. नळीतून ठिपका पाहताना दोरा २६ वर आला, तर उन्नत कोन ९० वजा २६, म्हणजे ६४ अंश. वाऱ्याने दोरा हलतो, म्हणून वजन फार हलके नसावे, आणि ठिपका पाहणारा व आकडा वाचणारा हे दोन वेगवेगळे असावेत. आकडा वाचण्यासाठी मंद लाल दिवा वापरावा, कारण पांढऱ्या उजेडाने डोळ्यांची अंधाराची सवय मोडते आणि ती पुन्हा जमायला वीसेक मिनिटे जातात.

दिवा तिवईवर किंवा वाळूने भरलेल्या बादलीत सरळ वर तोंड करून घट्ट बसवावा. गवंड्याचा ओळंबा यासाठी उत्तम: टॉर्चची नळी एका बाजूने आणि नंतर तिच्याशी काटकोनात असलेल्या दुसऱ्या बाजूने ओळंब्याच्या दोऱ्याशी जुळवून घ्यावी. झोत १ अंशाने कलला, तर १००० मीटरवर ठिपका १७ मीटर सरकतो. हा कल निरीक्षकाच्या दिशेने किंवा त्याच्या विरुद्ध असेल तर उत्तर बिघडते, आडव्या दिशेने असेल तर फारसा फरक पडत नाही. म्हणून निरीक्षकाच्या रेषेतील ओळंबा अधिक काळजीने जुळवावा.

दिवा आणि निरीक्षक यांच्यातील आधाररेषा उजेडातच मोजून ठेवावी. सरळ, सपाट रस्ता किंवा मोठे मैदान पाहावे आणि टेपने मोजणे शक्य नसेल, तर फोनवरील नकाशा वापरावा. ४०० मीटरमध्ये पाच मीटरची चूक सव्वा टक्काच होते. उंची म्हणजे आधाररेषा गुणिले उन्नत कोनाचा टॅन्जंट. समजा आधाररेषा ४०० मीटर आहे आणि पाच वाचने ६४, ६५, ६३, ६४ आणि ६५ अंश अशी आली. मधले मूल्य ६४ घ्यावे. त्याचा टॅन्जंट २.०५, म्हणून ढगाचा तळ ८२० मीटरवर. ६३ अंश धरले तर ७८५ आणि ६५ धरले तर ८५८ मीटर येतात, म्हणजे एका अंशाच्या चुकीने सुमारे ३५ मीटर इकडेतिकडे होतात. कोन जसजसा ९० कडे जातो, तसतशी ही चूक झपाट्याने वाढते. ३०० मीटर आधाररेषेवर ८० अंशांचा कोन आला, तर उंची १७०१ मीटर येते, पण ८१ अंशांना तीच १८९४ होते. तोच ढग ६०० मीटरवरून पाहिल्यास एका अंशाची चूक निम्म्यावर येते. म्हणून कोन ७५ अंशांच्या वर जाऊ लागला की निरीक्षकाने आणखी मागे जावे. गणित पक्के आहे म्हणून कच्चे वाचन चालवून घेऊ नये. मिळालेली उंची निरीक्षकाच्या पातळीपासूनची असते, समुद्रसपाटीपासूनची नव्हे.

वाचन घेताना नजर ठिपक्याच्या खालच्या कडेवर ठेवावी. झोत ढगात थोडा आत शिरतो, त्यामुळे बाजूने पाहताना ठिपका वरच्या दिशेने लांबलेला दिसतो, आणि मध्यभाग धरला तर उंची जास्त येते. हवेतील धूळ आणि दमटपणा यांमुळे खालचा झोतही खांबासारखा दिसतो. जेथे तो एकाएकी उजळतो, तेथे ढगाचा तळ. ढग नसतानाही झोत कोठेतरी संपल्याचा भास होतो, आणि नवशिके तो शेवटच मोजतात. शंका आल्यास निरीक्षकाने दुसऱ्या अंतरावर जाऊन पुन्हा कोन घ्यावा. ढग खरा असेल, तर दोन्ही अंतरांवरून उंची जवळजवळ सारखीच येते. भास असेल तर ती बदलते.

रात्र निवडताना पौर्णिमेच्या आसपासचे दिवस टाळावेत आणि शहराच्या उजेडापासून दूर जावे. पावसाळ्यातील सलग, खालचे ढग सर्वांत सोयीचे. पाऊस पडत असताना मात्र झोत थेंबांवरच विखुरतो आणि तळ कळत नाही. महाबळेश्वरसारख्या ठिकाणी जुलैमध्ये हा प्रयोग करू नये, कारण तेथे ढगच जमिनीला टेकलेला असतो. भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने ढगांच्या अभ्यासाची प्रयोगशाळा २०१२ मध्ये तेथे उभारली ती उगाच नव्हे.

दिवा सतत चालू ठेवू नये. दिव्यापाशी एकाने फक्त आकाशावर लक्ष ठेवावे, विमानाचे दिवे दिसताच झोत बंद करावा, आणि एका वाचनासाठी दहा ते पंधरा सेकंदच तो लावावा. पक्ष्यांसाठीही हे पाळावे. न्यूयॉर्कमध्ये ११ सप्टेंबरच्या स्मृत्यर्थ ८८ झोतदिवे लावले जातात, तेव्हा स्थलांतर करणारे पक्षी त्या झोतांत घुटमळू लागले की दिवे सुमारे २० मिनिटे बंद ठेवतात. आपला दिवा लहान असला, तरी काळजी तीच घ्यावी.

शेवटी उत्तर पडताळून पाहावे. विमानतळांचे ‘मेटार’ हवामान अहवाल इंटरनेटवर खुले असतात आणि त्यांत ढगांच्या तळाची उंची शेकडा फुटांत दिलेली असते. ‘बीकेएन ०२५’ असे असेल, तर आठपैकी पाच ते सात भाग आकाश २५०० फुटांवर, म्हणजे सुमारे ७६० मीटरवर, ढगांनी व्यापलेले आहे. आपली जागा आणि विमानतळ यांच्या समुद्रसपाटीपासूनच्या उंचीतील फरक तुलना करताना हिशेबात धरावा. नोंदवहीत तारीख, वेळ, आधाररेषा, पाचही कोन आणि त्या वेळचा ‘मेटार’ एकाच ओळीत लिहावेत. खोडलेले वाचनही पुसून न टाकता एका रेघेने छेदून तसेच ठेवावे, म्हणजे पुढच्या वेळी कोणत्या अंतरावर चूक वाढते ते वहीतूनच कळते.